पथ्यात न मोजलेला घास

“ब्रदर, गहू बंद. जन्मभर,” परभणीचे डॉक्टर रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाले. मला हसूच आलं. कॅन्सर असेल म्हणून तीन महिने झुरलो होतो आणि निघाली चपाती.

मी कॅथलिक फादर होण्यासाठी सेमिनरीत शिकतो. तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपला की एक वर्ष प्रत्यक्ष कामाला पाठवतात. मला गंगाखेडकडच्या एका मिशनच्या शाळेत पाठवलं होतं. तिथे जुलाब सुरू झाले. पाणी बाधलं म्हणून सोडून दिलं. पुढे पँट कमरेवर राहीना, आणि एक दिवस वर्गात फळ्यापाशी चक्कर आली.

मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे नळी घालून आतलं बघणं. आणि बायोप्सी, म्हणजे आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासणं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषून घेते. माझी लव झडून गेली होती. आजाराचं नाव सीलिअॅक डिसीज. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाला शरीर वैरी समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःचंच आतडं खराब करतं.

“तुम्ही ज्वारीच्या मुलखात आहात, काळजी कसली?” डॉक्टर म्हणाले.

मिशनचा स्वयंपाक रुक्मिणमावशी करतात. मला वाटलं होतं, त्यांना हे समजावताना नाकी नऊ येतील. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि माझा तवा, माझी भाकरी थापायची काठवट वेगळ्या फळीवर ठेवली. “आमच्यात उपासाचं भांडं येगळंच ऱ्हातंय, ब्रदर. तुमचंबी तसंच.” माझ्या आजारावर इतक्या पटकन कुणीच विश्वास ठेवला नव्हता.

चार महिन्यांनी पुन्हा टीटीजी केली. शरीर ग्लुटेनशी किती झुंजतंय ते सांगणारी ही रक्ताची तपासणी. आकडा जेमतेम हलला होता. वजन आणखी उतरलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कुठून तरी गहू जातोय. स्वयंपाक कोण करतं?”

मी छातीठोकपणे सांगितलं, गव्हाचा कणसुद्धा नाही. मिशनवर परत येऊन डॉक्टरांचा प्रश्न मावशींना सांगितला, तोही भोळेपणाने. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. दोन दिवस माझीच भांडी पुन्हा पुन्हा घासत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रोजची उपासना, आटोपून बाहेर आलो, तर त्या दारात उभ्या.

“ब्रदर, फादर रोज तुमच्या हातावर ते पांढरं, गोल ठिवतेत, ते काय हाय?”

“ख्रिस्ताचं शरीर, मावशी.”

“ते खरंच हाय. पर पीठ कशाचं?”

मी तिथेच पायरीवर बसलो. गव्हाचं. होस्ट, म्हणजे ती पांढरी गोल भाकर, गव्हाचीच लागते, आमचा नियमच आहे. मिस्सेत तिचं सत्त्व बदलतं पण रंग, चव, वजन सगळं भाकरीचंच राहतं, यावर मी सेमिनरीत भलामोठा निबंध लिहिला होता. वर्गात पहिला आलो होतो. आणि पथ्य मोजताना रोजचा तो घास माझ्या मनातही आला नव्हता, कारण मी त्याला खाणं समजतच नव्हतो. ज्याच्यापुढे गुडघे टेकतो, त्याने माझ्यासाठी किती खरोखरची भाकर व्हायचं कबूल केलंय, ते मला पहिल्यांदा कळलं.

मग भीती वाटली. डॉक्टरांना होस्टबद्दल विचारलं, तर म्हणाले, “तेवढंही नाही.” पण जो फादर मिस्सा करतो, त्याला ती भाकर स्वतः खावीच लागते. मी आठ वर्षांचा असल्यापासून दुसरं काही व्हायचं मनातच आणलं नव्हतं. बिशपना पत्र लिहिलं. उत्तर येईपर्यंत मी देवाशी भांडलो, मावशींपुढे रडलोसुद्धा.

उत्तर फादरांनी वाचून दाखवलं. आतडं बरं होईपर्यंत मी होस्टऐवजी फक्त पेल्यातला द्राक्षारस घ्यावा. पुढे डॉक्टर हो म्हणाले तर नावापुरतं ग्लुटेन असलेली होस्ट चालेल. शेवटचं वाक्य होतं, ‘शिकायला परत ये.’

दुसऱ्या दिवशी फादरांनी वेदीवर माझा छोटा पेला वेगळा ठेवला. त्यांच्या पेल्यात होस्टचा तुकडा पडतो म्हणून. मावशींची फळी आठवली. एक घोट घेतला. त्या घोटातही ख्रिस्त पूर्ण असतो, हे पुस्तकात किती वेळा वाचलं होतं. त्या सकाळी पेला रिकामा झाला तरी मी तो धरूनच होतो.

आता वजन भरतंय, आकडा उतरलाय. तुमच्यावर ही वेळ आली आणि डॉक्टरांनी काय खाता असं विचारलं, तर सगळं सांगा, जे खाणं वाटत नाही तेही. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईवर संशय घेण्याआधी तिलाच विचारा.

सेमिनरीत परत निघालो, त्या दिवशी मावशी एसटीपर्यंत आल्या. पिशवीत माझी काठवट होती. “हिला गहू शिवला न्हाई कदी. तितल्या लोकान्ला सांगा.”

होस्ट घेताना करतो तसे दोन्ही हात पुढे करून मी ती घेतली. तोंडातून आपसूक तेव्हाचंच ‘आमेन’ निघालं. मावशींनी मान डोलावली आणि बस सुटली.