रूट नंबर सातचे नाना

आधी माफी मागतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि माणसावर लेख लिहिणं हे काम तर आमच्या अख्ख्या गल्लीत कोणी केलेलं नाही. त्यातून ज्यांच्यावर लिहितोय ते रंगनाथनाना अजून चांगले हिंडते-फिरते आहेत. त्यांनी तीस वर्षं गावच्या डेअरीचे सचिव म्हणून दूध तपासलं. कोणी काहीही पुढे केलं, की त्यात पाणी किती आहे हे आधी बघायचं, ही त्यांची सवय. हा लेख त्यांना कोणी वाचून दाखवला तर ते डोळे मिटून ऐकतील आणि म्हणतील, "दूध हाय. पन वरून तांब्याभर वतलंय." म्हणून जमेल तेवढं पाणी कमी घालायचा प्रयत्न करतो.

नानांना पळताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्यांचा उजवा हात आठवतो. डावा हात सगळ्या जगासारखा पुढे-मागे होतो. उजवा मात्र अंगाला लागून सरळ खाली, बांधून ठेवल्यासारखा. त्या हातात दोन लिटरची ॲल्युमिनियमची किटली असते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हात हलला की दूध घुसळतंय. तालुक्याला पोचूस्तोवर लोनी निघंल. मंग तिथं दूध दावू का ताक?"

हे पळणं त्यांनी एकसष्टाव्या वर्षी सुरू केलं. त्याची हकिगत अशी.

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावहून आत. गावापासून तालुक्याच्या शीतकरण केंद्रापर्यंत दूध संघाचा टेम्पो चालायचा. आमची धरून पाच डेअऱ्या, अंतर एकवीस किलोमीटर. संघाच्या कागदावर हा रूट नंबर सात. तो मिळावा म्हणून नाना तरुणपणी अकरा वर्षं संघाच्या पायऱ्या झिजवत होते. ज्या वर्षी दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, त्या वर्षी दूध आटलं. टेम्पो रिकामे कॅन वाजवत यायचा आणि तसाच वाजवत जायचा. एक दिवस तो आवाजही बंद झाला. नाना तरीही पहाटे चारला उठून डेअरीचं शटर वर करायचे आणि मापं धुवायला पाणी नाही म्हणून कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायचे.

मग संघाचं पत्र आलं. मी अंबाजोगाईला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, शनिवार-रविवार गावी यायचो. पत्रातली भाषा सरकारी, म्हणून ते मलाच वाचायला सांगितलं. सलग नव्वद दिवस दूध आलं नाही, तर रूट रद्द होईल, असं त्यात होतं. एकदा रद्द झालेला रूट परत मिळवायला पुन्हा अकरा वर्षं लागतील आणि तेवढी आपल्याजवळ नाहीत, हे नानांना न सांगता कळत होतं. त्यांनी पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"किती लिटर आलं पायजे म्हणलंय?"

"किती ते लिहिलेलं नाही."

नानांचा चेहरा उजळला. "मंग एक लिटर चालतंय!"

सोमवार आणि गुरुवार ठरले. गावात ज्यांची एखाददुसरी गाय, म्हैस घरीच राहिली होती, त्यांच्याकडून नानांनी पाव-अर्धा पाव गोळा केलं, किटलीत ओतलं आणि पहाटे पाचला निघाले. एसटी यायची दहाला. कोणाची तरी मोटारसायकल बघा म्हटलं तर म्हणाले, "एक लिटर दुधापायी एक लिटर पेट्रोल जाळू का बे?"

पहिल्या दिवशी ते चालत गेले. पोचायला सव्वाचार तास लागले. ऊन चढलं होतं आणि दूध फाटलं होतं. फाटलेलं दूध नोंदवता येत नाही, असं केंद्रावरच्या माणसानं सांगितलं, आणि त्यात काही चूक नव्हती. नाना रिकामी किटली घेऊन जीपनं परत आले. रात्री पायाला तेल चोळता चोळता नानी म्हणाल्या, "झालं का समाधान? आता बसा गुमान." नाना म्हणाले, "दूध सात वाजंपोत्तर दम धरतंय, लई झालं तर पावनेआठ. म्हंजे पळावं लागंल."

"लग्नात वरातीमागं चार पावलं चालला न्हाईत," नानी म्हणाल्या, "आन आता पळतेत म्हनं."

आणि नाना खरंच पळू लागले. पायजमा, टोपी, पायात नातवाचे शाळेचे पांढरे बूट. आधी एका डेअरीपासून दुसऱ्या डेअरीपर्यंत पळायचं, मग चालायचं, मग पुन्हा पळायचं. पारावरची माणसं ओरडायची, "नाना, कुत्रं लागलंय का मागं?" नाना न थांबता म्हणायचे, "न्हाई, संघ लागलाय."

सोमवारी मला तालुक्याहून अंबाजोगाईची गाडी धरायची असायची, म्हणून मी सायकलवर त्यांच्याबरोबर असायचो. टेम्पो जिथे जिथे थांबायचा तिथे नाना थांबायचे. डेअरीचं शटर बंद असलं तरी समोर दोन मिनिटं उभे राहायचे, डावी-उजवीकडे बघायचे आणि कोणी आलं नाही तरच निघायचे. कोणी छटाकभर आणलं तर आधी वास, मग बोटावर थेंब, मग किटलीत. तिसऱ्या गावाला गयाबाई नावाची म्हातारी न चुकता पेला घेऊन उभी असायची. तिच्याकडे फक्त शेळी होती.

"गयाबाई, डेअरीला शेळीचं चालत न्हाई."

"माज्याजवळ हाय ते आनलं. वता न्हाईतर प्या."

नाना ते तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकायचे. मला वाटतं, पुढचे नऊ किलोमीटर ते त्या शेळीवर पळायचे.

याच वाटेवर एकदा मी त्यांना सांगितलं की मी कॉलेज सोडतोय. माझा इंग्रजीचा पेपर गेला होता. आई-वडील ऊसतोडीला गेले होते. आपणही पुढल्या हंगामाला टोळीत जावं, उगाच इथे बाकडं अडवू नये, असं माझ्या मनानं घेतलं होतं. नाना पळता पळताच म्हणाले, "इषय किती?"

"पाच."

"गेले किती?"

"एक."

"मंग चार लिटर दूध हाय की बे तुज्याजवळ! मी एकावर रूट धरलाय."

पुढचा चढ मी सायकल हातात धरूनच चढलो. कॉलेज सोडलं नाही.

दोन-अडीच महिन्यांत नाना पावणेतीन तासांवर आले. दूध शाबूत पोचू लागलं. केंद्रावर रूट नंबर सातपुढे 'एक लिटर' अशी नोंद व्हायची आणि बाकीची माणसं त्याच दुधाचा चहा करून नानांनाही द्यायची. तिथल्या तपासणीच्या शिंदे मॅडम तरुण होत्या आणि स्वतः शर्यतींत पळायच्या. एका सोमवारी त्यांनी घड्याळ बघितलं.

"नाना, किती वाजता निघालात?"

"पाचला."

"म्हणजे एकवीस किलोमीटर पावणेतीन तासांत. याला हाफ मॅरेथॉन म्हणतात, नाना. लोक पैसे भरून पळतात."

"पैसे भरून? आन दूध कोनाचं असतंय?"

"दूध नसतं."

"मंग पळतेत कावून?"

मॅडमनी मग एक गोष्ट सांगितली, आणि नाना चहाचा कप खाली ठेवून ऐकू लागले. पुढल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी अशी शर्यत होती, आणि शर्यत पुरी करणाऱ्यांच्या गळ्यात दूध संघाचे अध्यक्ष स्वतः पदक घालणार होते. या अध्यक्षांना भेटायला नाना तीनदा जाऊन आले होते. साहेब कधी मीटिंगला, कधी दौऱ्यावर. एक लिटरवर रूट किती दिवस टिकणार, कोणीतरी नवं पत्र काढणारच, ही धास्ती त्यांना होतीच.

"गळ्यात पदक घालायचं म्हंजे समोर उभं ऱ्हावं लागतंय ना?" नानांनी विचारलं.

"लागतंच. पण साहेब साडेआठला निघणार आहेत. शर्यत सहाला सुटते. अडीच तासांच्या आत यावं लागेल."

पावणेतीनचे अडीच करायचे होते. नानांनी महिनाभर ते केलं. एकदा मला म्हणाले, "पंधरा मिंटं कुठं सांडतेत तेच घावंना." मला माहीत होतं कुठे सांडतात. डेअऱ्यांपुढे उभं राहण्यात. पण ते मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

शर्यत रविवारी होती. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन नानींच्या भाच्याकडे मुक्काम केला. सकाळी एक लिटर दूध घेऊन किटली भरली. सुटायच्या जागी टी-शर्ट घातलेल्या एका मुलानं अडवलं. "आजोबा, भांडं घेऊन पळता येणार नाही."

"भांडं न्हाई, दूध हाय."

"तेच म्हणतोय मी."

शेवटी किटली माझ्या हातात आली. नानांच्या छातीवर नंबर लावला. ते मान खाली घालून त्याच्याकडे बघत म्हणाले, "छावनीत बैलाच्या कानाला असाच बिल्ला मारलाय. आता वैरन टाकतेत का बघू."

मी पाचव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी जाऊन थांबलो. पळणाऱ्यांना पुढे जाऊन परत याच वाटेनं यायचं होतं. थोड्या वेळानं नाना दिसले. ते डावीकडे कलंडत पळत होते. उजव्या हाताची मूठ मोकळ्या हवेवर घट्ट आवळलेली. टेबलाशी आले आणि थांबले. एका मुलीनं नारिंगी रंगाचं काहीतरी पुढे केलं. नानांनी पेला उजेडाकडे धरला. "याला फॅट किती?"

ती बाटलीवरचं लेबल वाचू लागली. नाना डावी-उजवीकडे बघू लागले. मी ओरडलो, "नाना, इथं डेअरी नाही! पळा!"

"बे, हात मोकळा हाय," ते म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. इतक्या दिवसांत तो मी पहिल्यांदाच तसा ऐकला. "तोल जातोय. न्हाई जमत."

नियम मला माहीत होता. मी आजवर कुठलाच नियम मोडलेला नाही, परीक्षेत शेजारच्याला रबरसुद्धा दिलेलं नाही. मी किटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण दाबून बघितलं, हात सरळ खाली सोडला, आणि ओळंबा लागल्यासारखं त्यांचं अंग ताठ झालं. मग ते गेले ते परत येताना सोळाव्या किलोमीटरलाच मला दिसले. तेव्हा ते थांबले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त ओरडले, "किती वाजले?"

"आठ वाजायला सहा मिनिटं कमी!"

मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून शेवटच्या जागी पोचलो. सव्वाआठ. आठ वीस. अध्यक्षसाहेबांची गाडी सुरू झाली होती आणि ड्रायव्हरनं दार उघडून धरलं होतं. आठ सत्तावीसला वळणावर टोपी दिसली. पाठोपाठ लोकांचं हसू आणि टाळ्या ऐकू आल्या. साहेबांनीही वळून बघितलं. नाना रेघ ओलांडून थेट त्यांच्यापुढे गेले. शिंदे मॅडम पदक घेऊन धावल्या. साहेबांनी पदक घालायला हात वर केले, तर नानांनी आधी झाकण काढून किटली पुढे केली.

"रूट नंबर सात. एक लिटर. मोजून घ्या, थेंब सांडला न्हाई."

साहेबांना आधी काहीच कळलं नाही. मॅडमनी सगळं सांगितलं. साहेब हसले, पदक घातलं, फोटो काढून घेतला, आणि माईक हातात आहे हे बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "या पाच गावांचं दीडशे लिटर होऊ द्या, दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवतो. तोवर रूट रद्द होणार नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गावात फटाक्याची एक माळ लागली. सगळ्यांना वाटलं, टेम्पो आलाच. नानांनी फोटो बघितला, पेपरची घडी घातली आणि किटली धुतली. "फोटूत फॅट नसतंय. दीडशे लिटर म्हनलेत." पदक त्यांनी डेअरीत मापाच्या खिळ्याला अडकवलं. सोमवार तेवढा हुकला होता, गुरुवारी मात्र पहाटे पाचला पुन्हा निघाले.

पुढल्या साली पाऊस बरा झाला. जनावरं छावणीतून घरी आली. वाटेवरची किती तरी माणसं म्हणत, नाना दारावरून जातेत, म्हणून शेवटची गाय इकायची लाज वाटली. एक लिटरचे नऊ झाले, नवाचे चाळीस. किटली पुरेना तेव्हा सायकलला कॅन बांधून नातू मागून येऊ लागला. नाना मात्र पुढे पळतच. मी दुसऱ्या वर्षाला गेलो. अभ्यास वाढला, गावाला जाणं कमी झालं. इंग्रजीचा राहिलेला पेपर दुसऱ्या वर्षाच्या पेपरांबरोबर पुन्हा दिला. निकाल लागेपर्यंत मी फोन बंदच ठेवला होता, त्यामुळे गावातली बातमी मला थेट निकालाच्या दिवशी कळली, म्हणजे ती घडल्यावर बऱ्याच दिवसांनी.

आईचा फोन होता. "अरे, कव्हाचा लावतेय! दीडशे लिटर भरलं, टेम्पो आला."

ड्रायव्हर नवा होता. आतली वाट त्याला ठाऊक नव्हती. नाना, शेजारी बसा आणि वाट दाखवा, असं तो म्हणाला. नाना म्हणाले, "टेम्पोत बसून डेअऱ्या दिसत न्हाईत." आणि किटली घेऊन ते पुढे पळू लागले. मागून टेम्पो पहिल्या गिअरमध्ये, एकवीस किलोमीटर. नाना थांबले की टेम्पो थांबायचा. तिसऱ्या गावाला गयाबाई चरवी घेऊन उभी होती. नानांनी सवयीनं तोंडाला लावायला हात पुढे केला, तर तिनं तो झटकला. "गाय घेतलीया. डेअरीत घाला."

आई हसत होती. मग म्हणाली, "नाना हितंच बसलेत. इचारतेत, तुजं किती लिटर भरलं?"

मी नोटीस बोर्डासमोरच उभा होतो. पहिल्या वर्षाचे सुटलेले चार आणि आता सुटलेला इंग्रजीचा, असं मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "मागचे पाच भरले."