पाटी वाचून होईपर्यंत

दर शनिवारी एक शेतकरी मला सीताबर्डीतल्या वर्गाबाहेर दिसत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा तो वर्ग. माझा मुलगाही तिथंच शिकतो. ते नरखेडकडचे, दहा वर्षांच्या लेकीला एसटीनं घेऊन येत. बाईंनी तिला शिकवलेली अक्षरं बाहेर बसून स्वतःच्या गुडघ्यावर बोटानं गिरवत. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा ते बापलेक आणि आम्ही मायलेक गणेशपेठच्या स्टँडवर सोबत होतो. त्यांची गाडी लागली, पण त्यांची लेक गाडीवरच्या पाटीकडे बघत थांबली. "न... र..."

कंडक्टर ओरडला, "चला, बसा लवकर!"

मी म्हटलं, "दादा, गाडी सुटेल."

"सुटू द्या ताई," ते हळूच म्हणाले. "पोरगी वाचून राहिली."

घंटी वाजली. पोरगी हलत्या गाडीसोबत चार पावलं चालली आणि ओरडली, "नरखेड! बाबा, आपली गाडी!"

"आपलीच होती वं माय! एकदम बरोबर वाचलं तुनं!" त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

घरी मी मुलाला ओळीओळीला 'लवकर वाच' म्हणते, ते आठवून ओशाळले. पुढची गाडी दीड तासानं होती. बापलेक बाकावर संत्री सोलत येणाऱ्या पाट्या वाचू लागले. माझा हात सोडून माझा मुलगाही त्यांच्याशेजारी जाऊन बसला.