रस्त्याचा रकाना

पदवी मिळाल्यावर पहिलं वर्षभर मी कल्याणहून रोज ठाण्याला यायचो आणि मेलेल्या माणसांची माहिती गोळा करायचो. विद्यापीठातले आमचे सर आग्रा रोडवरच्या अपघातांचा अभ्यास करत होते. अपघात का होतात ते आधी शोधायचं आणि मग गाडीवानांना, लॉरीवाल्यांना तेवढंच नेमकं शिकवायचं, अशी त्यांची योजना. लोक त्यांना हसत. "मरण कपाळावर लिहिलेलं असतं, त्यात संशोधन कसलं?" असं माझे वडीलच म्हणायचे.

पोलिसांच्या पंचनाम्यावरून मी पत्ता घेई, घरी जाई आणि सायक्लोस्टाइल केलेला तक्ता भरी. त्यात रकाने होते ते वय, धंदा, दारू, झोप, कंदील आणि गाडी कुठल्या बाजूने होती याचे. सगळ्यात खाली 'कारण'.

माजिवड्याजवळच्या एका गावात मी गेलो तो हिवाळ्यात. तिथला एक माणूस उन्हाळ्यात मिठागरावर राबायचा आणि भात झोडून झालं की बैलगाडीतून ठाण्याच्या तबेल्यांना पेंढा पोचवायचा. उजाडता उजाडता समोरून आलेल्या लॉरीने त्याला गाडीसकट उडवलं होतं. एक बैल जागेवर मेला, दुसरा पोलिसांनी गोळी घालून सोडवला. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'गाडीवानास झोप लागल्याने गाडी चुकीच्या बाजूस गेली.'

त्याची बायको पडवीत बसली होती. तिशीही उलटली नसेल. मी तक्ता काढला तशी ती म्हणाली, "पोलिसांनी लिवलं तो निजला व्हता. तो निजला नव्हता. आदी ते लिव."

"वहिनी, मग गाडी उजवीकडे कशी गेली?"

"खडीचा ढीग हाय ना तिथं! पावसाल्याआदीपासून अर्धा रस्ता खाल्लाय त्यानं. सगल्यांच्याच गाड्या उजवीकडून जातात. जाऊन बघ."

मी गेलो. ढीग होता. रस्तादुरुस्तीसाठी टाकलेली खडी डाव्या बाजूला माणसाच्या छातीएवढी रचलेली होती, तिच्यावर गवतही उगवलं होतं. मी पावलांनी रस्ता मोजला. ढिगाच्या डावीकडून शेळीदेखील गेली नसती.

तिथेच एका दगडावर बसून मी तक्ता उघडला. रकाने माणसाचे होते, गाडीचे होते, कंदिलाचे होते. रस्त्याचा नव्हता. समासात लिहिता आलं असतं. पण सरांना तक्ते स्वच्छ लागत, समासात लिहिलेलं त्यांना खपत नसे. शिवाय पंचनाम्याच्या विरुद्ध लिहायचं म्हणजे खुलासा आला. 'बाजू'पुढे मी 'चुकीची' लिहिलं, 'झोप'पुढे 'संभव', आणि 'कारण'पुढे 'निष्काळजीपणा'. मग गाडी पकडून घरी आलो आणि जेवलो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही वाटलं.

महिन्याभराने सरांनी तिथल्याच शाळेच्या ओसरीवर गाडीवानांचा वर्ग घेतला. आसपासच्या गावांतले गाडीवान मुंडाशी काढून मांडी घालून बसले होते. सरांनी फळ्यावर रस्ता काढला. गाडीच्या मागे कंदील कुठे टांगायचा ते दाखवलं. मग म्हणाले, "आमच्या तक्त्यांवरून दिसतं की गाडीवानाची डुलकी हे मोठं कारण आहे. गेल्या महिन्यात तुमच्याच इथला एक जण..."

मागून एक माणूस उठला. "तो माजा भाऊस. तो निजला नव्हता."

सर थांबले. शांतपणे म्हणाले, "माझा विद्यार्थी स्वतः घरी येऊन गेला होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओसरीवरचे सगळेच बघत राहिले. मी हातातली खडूची पेटी उघडून आतले तुकडे सारखे करत बसलो. मग त्याने मुंडासं बांधलं आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी चौघे उठले.

त्यानंतर पंधरा दिवसांत त्याच ढिगाशी एक कारकून मेला. ठाण्याला कामावर निघालेला, सायकलवर, भर सकाळी. ढीग चुकवायला उजवीकडे वळला आणि लॉरीखाली गेला. तक्ता भरायला सरांनी मलाच सांगितलं.

मी त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो. "सर, तिथे खडीचा ढीग आहे. मला आधीपासून माहीत होतं."

"आधीपासून म्हणजे?"

मी सांगितलं. सर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कोरा तक्ता पुढे ओढला. "अहो, हा तक्ता मी केला," ते म्हणाले, "आणि रस्ता विचारायचं मलाच सुचलं नाही. पण तुम्ही तो डोळ्यांनी पाहिला होता."

नव्या तक्त्यांत 'रस्त्याची स्थिती' हा रकाना आला. ढीग मात्र सरांनी बांधकाम खात्याला लिहिलेल्या पत्राने हलला नाही. कारकुनाच्या कचेरीतले लोक मोर्चा घेऊन गेले तेव्हा दोन दिवसांत खडी उचलली.

गाडीवानाचा तक्ता दुरुस्त करून मी पुन्हा त्या गावी गेलो. ती मिठागरावर कामाला लागली होती. तिचा दीर दारात होता. मी वाचून दाखवलं की गाडीवान जागा होता, कारण रस्त्यावरचा अडथळा.

"पोलिसांच्या कागदावर काय हाय?"

"ते बदलत नाही. मी विचारून आलो."

"मग ह्यो तुजा कागद तूच ठेव," तो म्हणाला, आणि आत गेला.

मी बांधावरून मिठागरात गेलो. ती फावड्याने मीठ ओढत होती, पाय घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात. मला बघून थांबली. मी तेच पुन्हा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तवाच लिवलं असतंस," ती म्हणाली, "तर तो सायकलवाला वाचला असता का रं?"

मला माहीत नव्हतं. कदाचित नसता, कदाचित असता. मी तसंच म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा मीठ ओढायला लागली. मी थोडा वेळ तिथेच उभा होतो, मग ऊन फार झालं म्हणून निघालो.