दादासाठी बारा किलो

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात मी सांगून टाकलं, माझी घ्या. विचार करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कामोठ्याच्या जुन्या गावात तो, वहिनी आणि आई राहतात. मी नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर सुकापूरला. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. आईचा जुळत होता, पण तिचं वय सहासष्ट, त्यामुळे तिचं नाव कुणी गंभीरपणे घेतलंच नाही. माझा जुळला. तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. जन्मभर सगळीकडे उशिरा पोचणारी मी, दादाच्या वेळेला मात्र वेळेवर हजर होते.

मुंबईतल्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरबाईंनी माझे रिपोर्ट चाळले आणि मला वजनकाट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो. उंची पाच फूट एक इंच.

"बाकी सगळं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या वजनावर ऑपरेशन करणं तुमच्यासाठी धोक्याचं. शिवाय पुढे आयुष्यभर एका किडनीवर राहायचंय. बारा किलो तरी कमी करा. चार महिने घ्या."

"चार कशाला? तीनच पुरेत," मी म्हणाले.

दादा हसला. गाडीत बसताना म्हणाला, "उगाच उपाशी राहून मरू नकोस हां. दोघंही जाऊ."

पहिले पाच आठवडे मी काय केलं नाही! पहाटे उठून माथेरान रोडने चालायला जायचे, डंपरांची धूळ खात. भाकरी काट्यावर मोजून खायचे. फ्रिजवर एक तक्ता लावला होता, चार रंगांचा, आखायला अख्खा रविवार घालवला होता. किडनीबद्दल मिळेल ते वाचायचे आणि यार्डात दिसेल त्याला सांगायचे. पळस्पे फाट्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी गाड्या लावण्याचं, म्हणजे कुठला कंटेनर कुठल्या ट्रकवर चढवायचा ते ठरवण्याचं काम बघते. तिथले ड्रायव्हरसुद्धा विचारायला लागले होते, "मॅडम, आज किती?" पाच आठवड्यांत सहा किलो उतरले. वहिनीने फोनवर रडत रडत आभार मानले.

सहाव्या आठवड्यात ते सगळं संपलं. भांडण नाही, आजारपण नाही, कंटाळा आला असंही म्हणता येणार नाही. एका मंगळवारी मुलीने विचारलं, "मम्मी, तू हल्ली चालायला जात नाहीस?"

"काल गेले होते की."

तिने माझा मोबाईल उघडून पावलांचा हिशेब दाखवला. अकरा दिवस झाले होते. मी बघतच राहिले. मला खरंच काल वाटत होतं.

त्या दिवसांत मी मुद्दाम काही चुकीचं खात नव्हते, हे कुणाला पटवून देता येत नाही. सकाळी डबा भरायचे, तो ओट्यावरच राहायचा. मोड यायला मूग भिजत घालायचे आणि वास सुटल्यावर आठवायचं. यार्डात गेलं की डोकं लख्ख चालायचं. पंधरा गाड्या गेटवर अडकल्यात, दोन फोन वाजतायत, कुणीतरी चुकीचा कंटेनर उचललाय, अशा वेळी माझ्याइतकं शांत कुणी नसतं. चार वाजता ते वादळ ओसरलं की कळायचं, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही.  मग बाहेरच्या टपरीवर जे समोर येईल ते. फोन कानाला लावून एक वडापाव संपायचा. दुसरा मी खाल्लाय हे कागदात उरलेल्या चटणीवरून कळायचं.

गुरुवारी दादाला डायलिसिसला न्यायची पाळी माझी. चार तास तो झोपून असायचा आणि मी बाजूच्या खुर्चीत. दिवसभरात त्याला फक्त एक लिटर पाणी चालायचं, तेही भाजीचं आणि चहाचं धरून. त्यासाठी त्याने एका बाटलीवर पेनाने रेघा मारून ठेवल्या होत्या. दुपारी बारापर्यंत या रेघेपर्यंत, चारपर्यंत त्या रेघेपर्यंत. मे महिना होता. त्याचे ओठ सोललेले असायचे.

एका गुरुवारी त्याने डोळे उघडले तेव्हा माझ्या मांडीवर चिवड्याचं रिकामं पाकीट होतं.

"भूक लागली होती?" त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

"नाही," मी म्हणाले. तेही खरं होतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "दादा, तुला खूप तहान लागते तेव्हा तू काय करतोस?"

"काय करणार? थांबतो."

"कसा थांबतोस पण?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "कसा म्हणजे? थांबतो," तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

त्या दिवशी त्याला घरी सोडलं, तेव्हा वहिनी मला दारापर्यंत पोचवायला आली. मी चपला घालत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. पण मनातून द्यायची नसेल तर सरळ सांगा. घाबरणं साहजिक आहे. आम्ही दुसरं काहीतरी बघू."

मी चपला घालून स्कूटीपाशी आले. काय बोलणार? बाहेरून बघणाऱ्याला हुबेहूब तसंच दिसत होतं. स्कूटी चालवताना मी स्वतःलाच विचारत होते, खरंच तसं आहे का? आतून नको असेल म्हणून शरीर सबबी शोधतंय का? मी प्रामाणिकपणे शोधलं. भीती सापडली, सगळ्यांना असते तेवढीच. "नको" कुठे सापडलं नाही. उलट तेव्हा कुणी रस्त्यात गाडी थांबवून म्हणालं असतं, आत्ता चल, आत्ता काढू, तर मी हेल्मेटसकट टेबलावर झोपले असते.

किडनी देणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावं लागतं. माझ्या दोन तारखा चुकल्या होत्या. तिसऱ्या वेळी मी एक तास उशिरा, चुकीच्या मजल्यावरून धावत पोचले. ते डॉक्टर रागावले नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाले, "हे आजचंच, की नेहमीचं?"

मला वाटलं होतं, ते विचारतील कुणाचा दबाव आहे का, पैसे घेतलेत का. ते त्यांनी विचारलं, पण पाच मिनिटांत. नंतरचा सगळा वेळ शाळेबद्दल, नोकऱ्यांबद्दल, अर्धवट सोडलेल्या गोष्टींबद्दल. पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं, आईलाही. आई मोकळेपणाने सांगत होती, "डोकं हाय तिला, लक्ष नाय. शालेतून येताना दप्तर इसरून यायची. दप्तरच! मास्तर घरी आनून द्यायचे."

ते हसले नाहीत. लिहून घेतलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितलं की मला एडीएचडी आहे.

"ते लहान मुलांना असतं ना?"

"ती मुलं मोठी होतात," ते म्हणाले. मग समजावून सांगितलं. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे एवढ्यावर माझा मेंदू कामाला लागत नाही. ती नवीन असावी लागते, नाहीतर आत्ताच्या आत्ता डोक्यावर येऊन कोसळलेली असावी लागते. चार महिन्यांनंतरचं ऑपरेशन, त्यासाठी आज न खाल्लेली एक बशी, हे त्याच्या लेखी जवळजवळ नसतंच. "भावावर तुमचं प्रेम नाही असा याचा अर्थ होत नाही," ते म्हणाले. बेचाळीस वर्षांची बाई मी, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

डोळे पुसून मी विचारलं, "औषध असेल ना?"

"आहे. पण त्याने बीपी वाढू शकतं. किडनी देणाऱ्याचं बीपी हा नाजूक विषय. ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारावं लागेल."

टीमने सांगितलं, ऑपरेशन होईपर्यंत नको. म्हणजे ऑपरेशनसाठी वजन उतरायला हवं, वजन उतरायला डोकं जाग्यावर हवं आणि डोक्याचं औषध ऑपरेशननंतर. हे मी घरी नवऱ्याला सांगत होते तेव्हा मध्येच मला हसू आलं. तो हसला नाही.

त्या डॉक्टरांनी सुचवलेलं सगळं करून पाहिलं. गजर लावले. आठवडाभरात हात आपोआप गजर बंद करायला शिकला. कुणीतरी सोबत असलं की चालणं होतं, म्हणून नवरा नऊ दिवस माझ्याबरोबर आला. मग त्याची शिफ्ट बदलली, आणि मी "चल ना" म्हणत राहिले, तेव्हा एका सकाळी तो वैतागला, "मी काय तुझा वॉचमन आहे?" संध्याकाळी त्याने माफी मागितली. पण दहावा दिवस काही उगवला नाही. वहिनीला मी आजाराचं नाव सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली. नाव कळून तिच्या नवऱ्याच्या हातातल्या सुया थोड्याच निघणार होत्या.

चार महिने पुरे झाले त्या दिवशी काट्यावर ब्याऐंशी आले. उतरलेल्यांतले चार किलो परत चढले होते. डॉक्टरबाईंनी आकडा फाइलमध्ये लिहिला.

"आणखी दोन महिने मिळतील?" मी विचारलं.

त्यांनी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा मातकट दिसत होता. डायलिसिसमध्ये त्याचं बीपी दोनदा इतकं खाली गेलं होतं की मशीन थांबवावं लागलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रयत्न चालू ठेवा. पण आपण दुसरा पर्यायही बघूया."

आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. एवढा वेळ तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती उठून टेबलापाशी आली.

"माजी तपासा," ती म्हणाली.

"आई, तू गप्प बस," दादा म्हणाला.

"कशाला गप बसू? लोकांच्या शेतात लावनी केली, मिठागरात पाट्या वाहिल्या. मना काय झालंय?"

आईचं वजन अठ्ठेचाळीस किलो. तिचं बीपी, साखर, हृदय, सगळं माझ्याहून बरं निघालं. महिनाभर तपासण्या चालल्या आणि दर वेळी काहीतरी खराब निघावं असं मी मनात म्हणत होते. मग लगेच दादाचा विचार यायचा आणि तसं म्हटल्याची लाज वाटायची.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला हिरवा झगा घातला होता. त्यात ती एखाद्या शाळकरी मुलीसारखी दिसत होती. नर्सने दागिने काढायला सांगितले. आईने हाताला साबण लावून पाटल्या उतरवल्या आणि माझ्या हातात दिल्या. "बाय, नीट ठेव हां. हरवू नको." तिला आत नेलं. मी त्या पाटल्या पर्समध्ये ठेवल्या नाहीत, पर्सचा मला भरवसा नव्हता. तासन् तास मुठीत धरून बसले. वहिनीने डबा उघडून पुढे केला, "दोन घास खा, ताई." मला खाता आलं नाही. माझं वजन कुणाच्याच कामाचं राहिलं नव्हतं, आणि नेमक्या त्या दिवशी मी अन्नाला शिवले नाही.

दोघंही सुखरूप बाहेर आले. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलंय. दादा पुन्हा कामावर जातो, जेवताना पोटभर पाणी पितो. आई बरी आहे, पण दमते. पूर्वी उभ्याने वीस भाकऱ्या थापायची, आता मध्ये दोनदा खाली बसते. ती बसली की मी दुसरीकडे बघते.

एकदा न राहवून मी तिला म्हणाले, "आई, माझ्यामुळे तुला पोट कापून घ्यावं लागलं."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्यामुलं कशाला? माज्या पोराला दिली मी. तुला लागली असती तर तुलापन दिली असती."

हे ऐकून मला मोकळं वाटायला हवं होतं. तिला तसंच वाटत असणार, ती खोटं बोलत नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस मला तिच्यासमोर जेवता येईना.

औषध मी आता घेते. नवीन पनवेलला एक डॉक्टर आहेत त्यांच्याकडून. थोडा फरक पडतो. डबा बरेचदा बरोबर येतो, तारखा पूर्वीपेक्षा कमी चुकतात. दुपारची भूक मरते आणि संध्याकाळी औषध उतरलं की सगळ्या दिवसाची एकदम येते. वजन त्र्याऐंशी.

मागच्या भेटीत या डॉक्टरांनी विचारलं, "वजन कमी करायचंय म्हणता. आता कशासाठी?"

गुडघे दुखतात. साखर सीमेवर आली आहे. मुलगी म्हणते, माझ्याबरोबर गडावर चल. ही सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली आणि मी एकही बोलले नाही. दादाचा जीव हे कारण होतं, तेव्हा झालं नाही. त्याहून मोठं मी कुठून आणू? डॉक्टर पेन उघडून थांबले होते. शेवटी म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी सांगा."

पुढची वेळ काल होती, सकाळी अकरा. साडेबाराला मी बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलत बसले होते. आधी एकीच बदलणार होते, सातवी चालू होती. दवाखान्यातून फोन आला.

"मॅडम, येताय ना? डॉक्टर एकपर्यंत आहेत."

"येते," मी म्हणाले. हातही न धुता रिक्षासाठी खाली धावले, कारण हात धुवायला आत गेले असते तर काय झालं असतं, मला माहीत आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वाटेत सुचेल असं वाटलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत सुचलं नव्हतं.