रविवारची सेव-उसळ

शाळेत असताना दर रविवारी सकाळी बाबा मला बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या घरून स्कूटरवर सेव-उसळ खायला नेत. तासभर बसत, दोनदा रस्सा मागून घेत, गाडीवाल्याशी गुजरातीत गप्पा हाणत. एवढा काय वेळ लावायचा म्हणून मी चिडायचे.

मग माझ्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढलं. बाबा निवृत्त झाले आणि हप्त्यांसाठी गोरव्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले. तिथे सुट्टी गुरुवारी आणि जेवायला वीस मिनिटं. गुरुवारी माझं कॉलेज असायचं, पुढे तर पुण्यातली नोकरी. आमचा रविवार गेला तो गेलाच.

गेल्या महिन्यात कर्ज फिटलं. बाबांना नोकरी सोडायला लावली आणि बडोद्याला जाऊन त्यांना त्याच गाडीवर नेलं. आज कितीही वेळ बसू देत, असं ठरवूनच गेले होते. माझा पहिला पाव संपला नव्हता, तेवढ्यात त्यांची प्लेट रिकामी झाली. रस्सा मागितला नाही. रुमालाने हात पुसत ते उठले.

"चल, उशीर होतोय."

"कशाला उशीर, बाबा?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत बसले.

"हो की," म्हणाले. "तू खा सावकाश."