मी 'सोड' म्हणालो तेव्हा

बचावात माझ्या जोडीला जो स्टॉपर खेळायचा तो हुपरीचा होता, आणि पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपत होता. कोल्हापुरात फुटबॉल खेळायचा तो आपल्या पेठेच्या तालमीकडून. आमच्यात पोराचं बारसं व्हायच्या आधी त्याचा संघ ठरलेला असतो. हा मात्र एसटीने यायचा आणि घरी चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडून काळी पडलेली बोटं खिशात घालून गप उभा राहायचा. बाहेरचा माणूस ऐन बचावाच्या मधोमध कशाला, असं मी तालमीच्या कारभाऱ्यांना तोंडावर विचारलं. "तुझ्या शेजारी दुसरं कोण टिकतंय रं?" ते म्हणाले. यात माझं कौतुक आहे, अशी मी समजूत करून घेतली.

तो चांगला खेळायचा. हे लिहितानाही हात आखडतो. मी समोरच्याला अंगावर घेऊन आडवा करायचो, हा नुसता उभा राहून बॉल काढून घ्यायचा. मॅच संपली की माझी जर्सी मातीनं लाल आणि ह्याची इस्त्री जागच्या जागी. एकदा घरी जेवायला आणला, तर आईनं भाकरी आधी त्याच्या ताटात टाकली. वर मला म्हणाली, "कसं शांत हाय बघ पोरगं, जरा शीक की." मी भात न खाताच उठलो.

आम्हा दोघांची मैदानातली भाषा एका शब्दाची होती. मी 'सोड' म्हणालो की बॉल माझा, त्यानं पाय मागं घ्यायचा. तो म्हणाला की मी पाय मागं घ्यायचा. मागं वळून बघायचं नाही, विचारायचं नाही. तीन हंगाम आम्ही असे काढले.

मग गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबचे प्रशिक्षक आमची सेमीफायनल बघायला येणार असं कळलं. त्यांना एक स्टॉपर हवा होता. एकच. मी सव्वीस वर्षांचा होतो, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होतो. या वयानंतर कुणी विचारत नाही हे मला ठाऊक होतं. पेठेत जो तो मला म्हणत होता, "ह्या खेपेला तूच!" पण म्हणताना त्यांची नजर त्याच्याकडे जायची. मला दिसायची ती.

मॅच एक-एक बरोबरीत होती आणि वेळ संपत आली होती. त्यांच्या बॅकनं लांब बॉल मारला. बॉल आमच्या दोघांच्या मधे पडला, पण त्याच्या जास्त जवळ. त्यानं पाय उचललेला मी पाहिला. मी ओरडलो, "सोड!"

त्यानं तत्काळ पाय मागं घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी जागचा हललो नाही. पाय घसरला असं लिहिलं तरी आता कोण तपासणार आहे? पण नाही घसरला. त्यांचा पोरगा आमच्या मधून पळत गेला आणि त्यानं गोल मारला.

आमच्या स्टँडातून एकच गलका झाला. "पैंजण घाल जा की पायात!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे तेच ओरडायला लागले. पाण्याची पाऊच त्याच्या पाठीवर येऊन फुटली. मी त्याच्या शेजारून मान हलवत चाललो होतो, जणू मलाही त्याचं फार वाईट वाटत होतं.

बाहेर प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, जमलं. त्यांनी हिंदीत विचारलं, ओरडलं कोण? मी म्हणालो, मीच. मग गेला का नाहीस? मी म्हणालो, "धूप आँख में आ गयी, सर." "धूप तो तुम्हारी पीठ पर थी," ते म्हणाले. जोडीदाराचा आवाज आला की न बघता पाय मागं घेणारा बॅक त्यांना हवा होता. पाय घालणारे गल्लोगल्ली मिळतात. त्याला ते घेऊन गेले. माझ्यामुळे, असंच म्हणायला पाहिजे.

पुढची बारा वर्षं तो गोव्यात, मग कोलकात्यात, मग टीव्हीवर. मी फाउंड्रीच्या कँटीनमध्ये मोबाईलवर त्याच्या मॅचेस बघायचो, त्याच्या चुका शोधायला. एकदा त्याला रेड कार्ड मिळालं, तर मी सगळ्या टेबलाला चहा पाजला. कारण विचारलं तेव्हा पोरीचा वाढदिवस आहे म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी गुडघा गेला म्हणून तो खेळ सोडून परत आला. तालमीनं सत्कार ठेवला. हार, फेटा, सगळं. त्याला बोलायला सांगितलं तर त्यानं नेमकी तीच मॅच काढली. "माझी चूक झालती," तो म्हणाला. "मला वाटलं, जोडीदार वरडला. पर तो वरडून उभा ऱ्हाणारा माणूस न्हवं. स्टँडातलं कोणतरी वरडलं हुतं. आपल्या माणसाचा आवाज मला वळखता आला न्हाई. तवापास्नं मी कान उघडं ठेवून खेळलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला मंडपाच्या मागं गाठलं. "तो आवाज माझाच हुता," मी म्हणालो. "मी मुद्दाम केलं."

तो हसला. गुडघा सांभाळत खुर्चीत बसला. "गप की. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस व्हय? तुझा आवाज मी वळखत न्हाय?"

"आईशप्पत सांगतोय."

"शप्पत घालू नगंस," तो म्हणाला आणि फेटा सोडायला लागला.

त्याच्यापेक्षा चांगला खेळाडू मी कधीच नव्हतो. त्याच्यापेक्षा वाईट माणूस आहे, एवढं तरी त्यानं कबूल करायला हवं होतं.