झिऱ्यावरची शाळा

इंग्रजांच्या राज्यात मी वाशिममध्ये चार इयत्ता शिकले आणि रिठदच्या बाजूला सासरी आले. शिकल्याचा असा माज होता, की नाक वर करून चालताना पाय हमखास शेणात पडायचा.

उन्हाळ्यात नदी आटली, की आम्ही दोघी जावा वाळूत हातभर खड्डा उकरायचो. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी हळूहळू पाझरतं. वाटीनं घागरीत भरायचं, पुन्हा वाट पाहत बसायचं. त्या वाट पाहण्यात थोरल्या जाऊबाई मी शिकवलेली अक्षरं वाळूत बोटानं गिरवायच्या. मायनं मरताना दिलेली पोथी त्यांना स्वतः वाचायची होती. घरात कुणाला पत्ता नव्हता.

"ठ चं पोट पाह्य, मामाजीवानी," त्या आमच्या सासऱ्यांवरून म्हणायच्या.

मग मामाजींनी अंगणात विहीर खणली. पाणी लागलं तेव्हा मी गूळ वाटत फिरले, जशी काही गंगा मीच आणली. आता शाळा सावलीत, खऱ्या पाटीवर, असं मी ठरवूनही टाकलं.

जाऊबाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं. "इथं वाट कायची पाहाची?"

मला वाटलं, बाई अडाणी आहे.

पोहरा वर आला की घागर भरलेली. ती उचलेपर्यंत सासूबाईंचं पुढचं काम तयार. कधी पाटी काढलीच, तर ओसरीवरून आवाज यायचा, "दोघी बसून काय करून राह्यल्या वं? डाळ भरडा." शेवटी ती पाटी लोणच्याच्या बरणीवर झाकण झाली. पुढच्या उन्हाळ्यात नदीवर जातो म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "घरी हीर असून? काहून?"

वर्षानुवर्षं मी सासूबाईंच्या नावानं बोटं मोडली. पण आम्ही नदीवर जायचो तेव्हाही सासूबाई त्याच होत्या. तिथं पाणी सावकाश यायचं, एवढंच. मास्तरीण मी नव्हतेच. शाळा तो झिरा चालवत होता.

सासूबाई गेल्या, तोवर जाऊबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. पोथी नाकाशी धरून त्या ओळीवरून बोट फिरवत. ओळखीच्या अक्षरापाशी थांबत. "हा म. हा ठ." मधलं सगळं सोडून बोट पुढे जाई.

एकदा म्हटलं, "द्या, मी वाचून दाखवते."

त्यांनी पोथी मिटून पदराखाली घेतली. "राहू दे. माय माही होती."